बाराच्या घंटेला कोण हललं

भुईगाव
२ मार्च १९९८

प्रिय सालोमी,

हे पत्र तू उघडशील की नाही, माहीत नाही. पॉलिनला फोनवर सांगून ठेवलंय की आईने पाकीट बाजूला ठेवलं तर तूच वाचून दाखव, आणि जेवताना वाच, म्हणजे तिला मध्येच उठता येणार नाही. तीन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. तुझ्या मुलाच्या कोर्टातल्या लग्नाला मी साक्षीदार म्हणून सही केली. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढे मध्ये मध्ये यायला नको.

लिहायचं कारण असं की परवा शनिवारी तुझ्या ऑस्करने माझा ओठ कापला.

घाबरू नकोस. खालचा ओठ, आतल्या बाजूने, दोन टाके. टाके त्यानेच घातले आणि नीट घातले. माझ्या खालच्या दाढेवर कॅप बसवायची होती, म्हणून तो ती मशीनने घासून बारीक करत होता. इंजेक्शन दिलेलं असल्यामुळे अर्धा जबडा बधिर. दिव्याचा उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून मी डोळे मिटले होते. लाळ ओढणारी नळी त्याने माझ्याच उजव्या हातात दिली होती, कारण त्याची पिंकी, दवाखान्यात मदतीला असते ती, फोनवर कुणाशी तरी भांडत होती. डाव्या हातात माझी पर्स. तुला ठाऊक आहे, मी पर्स कुठेच ठेवत नाही.

तर अशी मी पडलेली. पापडीच्या चर्चची बाराची घंटा सुरू झाली. दवाखान्याची खिडकी त्याच बाजूला आहे, घंटा अगदी कानात वाजते. मी मनातल्या मनात नमो मारिया म्हणायला लागले, कारण घंटेला करायचा तो क्रूस करायला हात मोकळा नव्हता. एवढ्यात मशीनचा आवाज बदलला, ऑस्कर “अरे!” म्हणाला आणि माझ्या तोंडात काहीतरी गरम आलं. डोळे उघडले तर तो पांढराफटक पडलेला. कपाळावर दाढेच्या भुकटीचा ओला ठिपका, बरोबर मध्यभागी. मला एवढ्या गडबडीतही हसू आलं.

मग तो म्हणाला, “तुम्ही हललात.”

सालोमी, मी हलले नाही. कोर्टात स्टेनो म्हणून माझी सगळी नोकरी झाली. साक्षीदारांच्या समोर बसून त्यांच्या जबान्या उतरवून घेताना मी तासन्‌तास न हलता बसलेय. आणि दुसरी गोष्ट, ज्या मुलाने बोलायला शिकल्यापासून मला “मावशे, तू” म्हटलं, तो मला तुम्ही म्हणाला. का, तर पडद्याच्या पलीकडे आपल्या गल्लीतला जेम्स नंबर लावून बसला होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं.

मला भरपाई नको, माफी नको. मी हलले नव्हते एवढं त्याने जेम्सला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायला हवं. ते तो म्हणेपर्यंत मी हा विषय सोडणार नाही. तू त्याची आई आहेस, म्हणून तुला आधी कळवलं.

तुझी,
मटिल्डा

भुईगाव
९ मार्च १९९८

प्रिय सालोमी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते.

जेम्सने गावभर केलं. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला मी चॅपेलमध्ये पोहोचले तर हा दारातच उभा. “काय मटिल्डाबाय, खुर्चीतून किती फूट उडालीस?” पाठीमागच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. दर वर्षी उपवासकाळात ही भक्ती मी घेते, पण या खेपेला चौदाच्या चौदा स्थानांवर मला गप्प उभं राहावं लागलं. ओठ मिटला की टाके ओढले जात होते, मग पिता, पुत्र, पवित्र, काहीच धड म्हणता येईना. शेवटी जेम्सच्या बायकोनेच पुस्तक हातात घेतलं. ती इतकी भरभर वाचते की आपले प्रभू क्रूस घेऊन तिसऱ्यांदा पडले तेव्हा लोक अजून पहिल्या पडण्याचे गुडघे टेकत होते.

शनिवारी टाके काढायला गेले. तेव्हा तुझ्या मुलाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते. ते काम मला येतं.

मी : ऑस्कर, त्या दिवशी मी हलले नव्हते.

तो : मावशी, पेशंटला कळत नाही. जबडा बधिर असतो. मान जराशी वळते.

मी : मान वळली की हात वळला?

तो : असं होतं कधी कधी. जखम अगदी लहान होती. बघा, छान भरलीय.

मी : जखमेचं मी विचारलेलंच नाही.

तो : मग काय हवंय तुम्हाला?

मी : जेम्सला सांग.

तो : जेम्सअंकलना काय सांगायचं?

मग तो हात धुवायला गेला आणि इतका वेळ धूत राहिला की पिंकीने पुढच्या पेशंटला आत घेतलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा नुसता वरवर टाळत नाहीये. माणूस चूक लपवतो तेव्हा समोरच्यावर चिडतो. हा चिडला नाही. हा लाजला. नीट भरलेल्या दोन टाक्यांच्या जखमेची लाज एवढी कशाला वाटावी, ते मला कळेना.

बाहेर पडल्यावर बस स्टँडवर हर्षवर्धन वकील भेटले. मी नोकरीत असताना ते नवीन नवीन कोर्टात यायला लागले होते. ओठ बघून म्हणाले, “मॅडम, ग्राहक मंचात टाकू या, एक नोटीस गेली की डॉक्टर धावत येतील.” मी म्हटलं, वकीलसाहेब, तो धावत आला तर काय उपयोग, त्याने जागेवर बसून खरं बोलायला हवंय. त्यांना ते पटलं नाही. वकिलांना ते कधीच पटत नाही.

मी विषय सोडलेला नाही.

मटिल्डा

भुईगाव
१९ मार्च १९९८

प्रिय सालोमी,

तुझं कार्ड मिळालं. “टाके निघाले का? मीठ-पाण्याने चुळा भर.” तीन वर्षांनंतर दोन वाक्यं. मुलाचं नाव नाही. पण अक्षर तुझंच आहे, पॉलिनचं नाही, हे मी आधी बघितलं. चुळा भरते आहे.

आता ऐक. काल कॅप बसवायची वेळ घ्यायला मी पापडीला गेले. पिंकीला म्हटलं, मला बाराच्या सुमाराची दे, भुईगावची बस त्या हिशेबाने सोयीची पडते.

“नाही हो आंटी, पावणेबारा ते सव्वाबारा डॉक्टर कोणाला चेअरवर घेतच नाहीत.”

“दर वेळी तर घ्यायचे.”

“आता नाही घेत. बंद केलं.”

“कधीपासून?”

पिंकीने पेन तोंडात घालून विचार केला. “तुमचं ते झालं ना, तेव्हापासून. सोमवारी आल्या आल्या मला बोलले, ती वेळ ब्लॉक कर. मी बोलले, सर, गर्दीचा टाइम आहे. तर बोलले, कर म्हणून सांगितलं ना.”

मी तिथेच बाकावर बसले. मला बस होती, तरी बसले. बाराला पाच-सात मिनिटं असताना आतल्या पेशंटला बाहेर सोडलं. पडदा अर्धा सरकलेला होता. ऑस्करने मशीन जागेवर अडकवलं, हातमोजे काढून टाकले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून.

घंटा झाली.

पाठीमागून माणसाचा नुसता कोपर दिसतो. त्याचा कोपर वर गेला, खाली आला, मग डावीकडे, मग उजवीकडे. नंतर मान खाली. घंटेचे टोले संपेपर्यंत तो तसाच उभा होता.

सालोमी, मी त्या बाकावर बसून माझा स्वतःचा क्रूस करायला विसरले.

मग सगळं जुळलं. त्या शनिवारी माझे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून मी क्रूस केला नाही. त्याचा हात अडकलेला नव्हता. म्हणजे हातात मशीन होतं, पण घंटेला ते कुठे माहीत? घंटा झाली आणि हात उठला, माझ्या तोंडातून सरळ त्याच्या कपाळाकडे, आणि वाटेत माझा ओठ होता. कपाळावरचा तो ओला ठिपका उडालेला नव्हता, बोटाने टेकवलेला होता.

हा तोच मुलगा ना, ज्याने तुझ्या ओटीवर उभं राहून सांगितलं होतं, “माझं हे चर्च, प्रार्थना सगळं सुटलं, आई, आता मला यात धरू नकोस”? आणि तू म्हणाली होतीस, “मग माझंही घर सुटलं तुला”? तू नाशिकला पॉलिनकडे निघून गेलीस त्याला कारण यमुनेशी झालेलं लग्न नव्हतं. लग्न तू एखादे वेळी गिळलं असतंस. ते एक वाक्य तुला गिळता आलं नाही. हे मी ओळखून आहे, कारण मी तिथेच उभी होते.

अजून मी त्याला काही विचारलेलं नाही. बुधवारी कॅप बसवायची आहे. तेव्हा विचारीन.

मटिल्डा

भुईगाव
२८ मार्च १९९८

प्रिय सालोमी,

झालं. सगळं क्रमाने सांगते.

बुधवारी गेले तर बाहेर जेम्स. त्याचं तपासण्यासारखं काही नव्हतं, दात दुखायचा थांबलाय, पण पापडीच्या बाजारात आला की दवाखान्यातल्या पंख्याखाली बसून जातो. मला बघून म्हणाला, “आज पट्टा बांधून घे हां खुर्चीला.” मी म्हटलं, “जेम्स, तू आज जाऊ नकोस. बस.” तो जरा दचकला.

खुर्चीत आडवी झाले. ऑस्करने दिवा ओढला. मी तोंड उघडलं नाही.

“मावशी, तोंड.”

“एक विचारते, मग उघडते. बारा वाजता तू खिडकीशी काय करतोस?”

“हात धुतो.”

“बेसिन इकडे आहे.”

दिवा माझ्या डोळ्यांवर होता म्हणून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मी हाताने दिवा बाजूला केला. तुझ्यासारखाच दिसतो गं तो, पकडला गेला की. खालचा ओठ आत जातो.

“मावशे,” तो म्हणाला, आणि मला तेवढ्यावरच कळलं की आता खरं येतंय. “हात गेला. मला कळलंच नाही. घंटा झाली आणि गेला. मशीन हातात आहे हे तुझं रक्त दिसल्यावर लक्षात आलं.”

“मग मी हलले कशाला म्हणालास?”

“जेम्सअंकल बाहेर होते. काय सांगणार होतो? डॉक्टर पेशंटच्या तोंडात मशीन असताना क्रूस करतो? दवाखाना बंद करावा लागला असता.”

“ते एक झालं. दुसरं?”

“दुसरं काय?”

“ऑस्कर, मी आयुष्यभर लोकांची अर्धी उत्तरं लिहून घेतलीत.”

त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. “आईपर्यंत गेलं असतं. मी तिला सुटलं म्हणून सांगून बसलोय. सुटलं नाही. मी पण ते तेव्हाच बघितलं, मावशे, त्या शनिवारी, तुझ्या रक्तात. आता काय, तिला फोन करून सांगू की मी उगाच तसं बोललो? तू हललीस म्हणणं सोपं होतं.”

मला राग यायला हवा होता. आला पण. मी म्हटलं, “माझ्या नावावर खपवणं सोपं, कारण मी तुझ्या बाजूने सही करणारी. जी आपल्या बाजूची, तिच्यावर ढकललं तरी ती कुठे जाते, असंच ना?”

त्याचे डोळे भरले. मी तिथेच सोडलं. आता पूर्वीसारखं रेटून विचारायला माझ्याने होत नाही.

“चल, जेम्सला सांग.”

“आत्ता?”

“कॅपच्या आधी. नंतर माझं तोंड बंद असेल.”

त्याने पडदा सरकवला. मी खुर्चीतून मान वळवून बघत होते. आता हलले तर चालणार होतं.

“जेम्सअंकल, त्या दिवशी मावशी हलली नव्हती. माझा हात गेला.”

जेम्सने वर्तमानपत्र खाली केलं. “कशाने गेला?”

ऑस्करने माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही.

“बाराची घंटा झाली,” तो म्हणाला. “हात वर गेला.”

मला वाटलं, आता हा हसणार आणि संध्याकाळपर्यंत भुईगाव हसणार. पण जेम्सचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तो अगदी हळू म्हणाला, “बाबा, मी माडावर असलो ना, तर बाराच्या आधी खाली उतरतो. तरणा होतो तेव्हा एकदा नाही उतरलो. शेंड्यावर होतो, नारळाला हात घातलेला. घंटा झाली, हात सोडला. पायात दोर होता म्हणून वाचलो.” आणि पुढे म्हणाला, “तुझ्या बापाने मला खालून बघितलं होतं. दोन दिवस हसत होता. त्याने कोणाला सांगितलं नाही.”

पिंकी म्हणाली, “म्हणून ब्लॉक केलं होय! सर, मला सांगायचं ना, मी काय न्यूजपेपरला देणार होते?”

कॅप चांगली बसलीय. बसवून झाल्यावर ऑस्कर म्हणाला, “आईला कळवू नकोस.” मी चूळ भरली, रुमालाने तोंड पुसलं आणि सांगितलं, “तीन पत्रं गेलीत. चौथं जाईल.” तो खुर्चीवर बसला, पेशंटच्या.

संध्याकाळी यमुना घरी आली. मला चावायला नको म्हणून रव्याची खीर घेऊन. उंबऱ्यातच म्हणाली, “मावशी, मला एक सांगा, रस्त्यातले क्रूस दिसले की स्कूटर चालवताना ते कपाळाला हात लावतात, ते हेच का? मी इतके दिवस समजत होते की केस मागे सारतात. मी तर म्हटलं होतं त्यांना, केस कापा म्हणून.”

आम्ही दोघी खूप हसलो. खीर चांगली होती. तिने आडून आडून तुझी विचारपूस केली ती मी बघितली, आणि ती मला कळू न देण्याचा प्रयत्न केला, तोही बघितला.

जेम्सने यावेळी गावात काहीच सांगितलं नाही. फक्त काल चॅपेलमध्ये स्वतःच्या बायकोच्या हातातून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. मला माझं मिळालं. आता तुझं राहिलं.

मटिल्डा

भुईगाव
६ एप्रिल १९९८

प्रिय सालोमी,

काल झावळ्यांचा रविवार झाला. तुझ्या नावाची झावळी घेऊन ठेवलीय.

पॉलिनचा फोन आला. म्हणाली, आईने शेवटचं पत्र आधी मला वाचायला लावलं, मग माझ्या हातातून घेऊन आत गेली आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “घंटेला हात उठतो तो सवयीने. मीच लावलेली सवय आहे. कुत्र्याला पण लागते. त्यात श्रद्धा कुठे आली?”

मी रात्रभर जागले वगैरे नाही. छान झोपले. पण सकाळी उठल्यावर वाटलं, बाईचा प्रश्न बरोबर आहे. कोर्टातसुद्धा विचारण्यासारखा आहे. त्याचं उत्तर मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी लिहून देणार नाही.

पॉलिनने दुसरं पण सांगितलं. तुझी उजवीकडची दाढ तुटलीय, तिची धार जिभेला लागते, तू महिनाभर एकाच बाजूने चावते आहेस आणि नाशिकच्या डॉक्टरकडे जायला तयार नाहीस. का तयार नाहीस, ते मी विचारलं नाही. दाताचा डॉक्टर स्वतःच्या घरात असताना परक्याकडे जायला कोणत्याही आईला जड जातं. तू हे नाकारशील. नाकार.

तर आज सकाळी मी पापडीला जाऊन तुझ्यासाठी वेळ घेतली. पिंकीने नाव विचारलं. मी म्हटलं, सालोमी लिही. ती लिहायची थांबली, मग आडनाव न विचारता लिहिलं. ऑस्करला मी आत जाऊन सांगितलं. माझ्यासमोर त्याने ते मोठं मशीन उचललं, पुसलं आणि पुन्हा ठेवलं, आणि ते आधीच स्वच्छ होतं.

वेळ शनिवारची आहे, पावणेबारा. हो, त्याने बंद केलेली तीच. मी मागून घेतली.

आणि शनिवार म्हणजे पवित्र शनिवार. आता मी काय म्हणते ते तुझ्या ध्यानात आलं असेल, पण पॉलिनसाठी लिहिते, कारण तिकडे मुलं असल्या गोष्टी विसरतात. गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सात घंटा वाजतात त्या शेवटच्या. त्यानंतर प्रभूच्या मरणाचा शुक्रवार गप्प आणि शनिवार गप्प, थेट रात्रीच्या पुनरुत्थानाच्या मिस्सापर्यंत. लाकडी खटखटं वाजवतात ते चर्चच्या आत, पापडीच्या रस्त्यावर ते ऐकू येत नाही. शनिवारी बाराला घंटा होणार नाही.

तू सवय म्हणतेस ना? मग ये आणि बघ. तू खुर्चीत असशील, त्याच्या हातात मशीन असेल, बारा वाजतील आणि त्याला आठवण करून द्यायला काहीच वाजणार नाही. बाराच्या आधी तो मशीन खाली ठेवतो की नाही, खिडकीकडे जातो की नाही, ते तुला पडल्या पडल्या दिसेल. गेला नाही तर तुझी दाढ नीट होईल आणि तू परत जा, मी बसमध्ये बसवून देईन, एक शब्द बोलणार नाही. गेला तर काय करायचं ते तू ठरव. मी बाहेर बाकावर असेन. जेम्स पण असेल, त्याला कितीही सांगितलं तरी तो असेल.

आणखी एक फायदा. तोंड उघडं ठेवून माणसाला बोलता येत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला तुझ्यासमोर बोलायला मिळेल आणि तुला मध्ये तोडता येणार नाही.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने नीघ, म्हणजे संध्याकाळच्या मिस्साला आपण दोघी जाऊ. तुझी चादर मी उन्हात घातलीय. यमुना विचारत होती, आई मासे खातात ना, काटा असलेले चालतात का. मी म्हटलं, दाढ झाली की चालतील.

खुर्चीत बसलीस की पर्स डाव्या हातात धर, नळी उजव्या हातात. डोळे मिटू नकोस, मी मिटले तिथेच चुकले. आणि सालोमी, काहीही दिसलं, तरी बारा वाजेपर्यंत हलू नकोस.

तुझी बहीण,
मटिल्डा